छोल्यांचं पाणी

छोले गाळणीत उपसले,
पाणी मोरीत ओतणार, इतक्यात
विमल म्हणाली, थांब.
ते नको टाकूस. त्याचाच फेस होतो.

मी म्हटलं, अंड्याचा होतो ना?
ती म्हणाली, तुझ्या घरात अंडं येईल का?
तेही खरंच. जिन आली,
पण अंडं यायचं नाही.
घराला कुठे दार आणि कुठे भिंत
ते घरालाच विचारू नये.

जिन मी स्वतः आणली,
शिंदे गावाच्या अलीकडच्या दुकानातून;
जेलरोडला सगळे ओळखतात.
पोराने सुट्टे परत दिले, शंभराची कोरी नोट.
मी सवयीने उजेडात धरली,
कडेवरून बोट फिरवलं.
काकू, खरी आहे, तो म्हणाला.
खरी आहे ते दिसतंय रे,
छपाई नीट आहे का बघते.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये हेच.
शाई पसरलीय का, कड सरळ आहे का,
आणि सुटताना गेटवर
पर्स उघडून दाखव, डबा उघडून दाखव.
विमल शेजारच्या टेबलावर.
इतका पैसा हातांखालून गेला
की बोटांना त्याचा नुसता वास उरला.

आता ती माझ्या ओट्यापाशी,
नातवाची जिमची बाटली घेऊन;
आत तारेचा गोळा खुळखुळतो.
काळ्या द्राक्षांचे सुटे मणी,
दिंडोरीकडच्या गाडीवर चाळीसला पिशवीभर.
एक्स्पोर्टला नापास.
नापास माल आम्हाला लांबून कळतो,
त्याची गोडी मात्र
निवृत्त झाल्यावर कळली.

मणी चेचले, मलमलच्या फडक्यातून पिळले.
अर्धं लिंबू.
पिठीसाखर दोन चमचे, विमलच्या मते तीन.
जिन खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने,
सहा झाकणं,
मग मोजणं चुकलं म्हणून आणखी एक.
छोल्यांचं पाणी तीन चमचे,
बरं झालं, शिजवताना मीठ विसरले होते.
आधी बर्फाशिवाय हलवायचं,
मग बर्फ घालून.

मी हलवलं तर नुसता खुळखुळाट.
विमलने पदर खोचला, बाटली घेतली.
ताक घुसळणारा सिन्नरचा हात तिचा,
प्रेसने तो कधी वापरलाच नाही.
बाटलीला दरदरून घाम फुटला,
झाकणातून एक जांभळा थेंब उडाला
तो थेट कॅलेंडरवर,
नेमका एकादशीच्या चौकोनात.
हसून हसून आम्ही ओट्यावर वाकलो.

पेले स्टीलचे,
समोरच्या गायधनीबाईंना कोकम वाटावं.
गोटी अंगठ्याने आत दाबली,
फस्स.
कडेने ओत, हळू, विमल म्हणाली,
आणि फेस वर आला,
काठाच्या बोटभर वर,
दुधासारखा उतू न जाता
तसाच उभा राहिला.
मी वाकून बघत राहिले.
कुठे विरलाय का,
कड सरळ आहे का.
बघतेस काय, ती म्हणाली,
बसेल तो. पी.

प्यायले. नाकात बुडबुडे,
ओठावर गार मिशी,
आणि आंबटगोड काहीतरी
घशातून धावत खाली गेलं.
छोल्यांचा वास? किंचित.
नाहीच, असं म्हणणार नाही.
तुला सगळीकडे दोष दिसतात, विमल म्हणाली.
अगं, त्याचाच तर पगार होता.

दुसरा पेला केला तेव्हा
सोडा संपला होता.
तो आम्ही नुसताच प्यायलो.

निघताना, चपला घालताना,
विमलने पर्स उघडून माझ्यापुढे धरली.
मी आत हात घालून पाहिलं.
चष्मा, रुमाल, बसचा पास,
वेलदोडे.
उरलेलं पाणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलं
आणि चष्म्याशेजारी ठेवलं.
झाकण घट्ट लाव गं,
ती म्हणाली,
गेटपर्यंत गळायला नको.